इल्मो बोलत होता

इल्मो रेकोला हा आमच्या गावातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस, आणि आमच्या गावात हा मान मिळवणं काही सोपं नाही. मी मूळची सावोकडची, म्हणजे पूर्वेकडच्या बडबड्या मुलखातली. आमच्याकडे नुसतं 'हो' म्हणायलाही तीन वाक्यं लागतात. लग्न होऊन इकडे हामे या अबोल मुलखात आले, तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं की सासरची सगळी मंडळी माझ्यावर रुसली आहेत. पुढे कळलं की ती खूश होती.

इल्मो सरोवराच्या चिंचोळ्या भागावर गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट चालवायचा. पिवळी, लोखंडी, तारेवरून सरकणारी. माणसं गाडीतच बसून राहायची, इल्मो केबिनमधून टोपीला दोन बोटं लावायचा, पलीकडे पोचलं की पुन्हा दोन बोटं. तेवढंच. पूल झाला, फेरीबोट बंद झाली, इल्मो निवृत्त झाला. निरोप समारंभात त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर तो खरंच दोनच शब्द बोलला. "कॉफी छान."

बोलायचं काम त्याच्या बायकोकडे होतं. लेम्पी दोघांचंही बोलून टाकायची. "इल्मो म्हणतो यंदा बर्फ लवकर पडणार," असं ती सांगायची आणि इल्मो शेजारी मान हलवायचा. मग एका मार्चमध्ये ती दोघं बर्फाखालचं मासळीचं जाळं उचलायला सरोवरावर गेली. लेम्पीच्या पायाखालचा बर्फ फुटला. इल्मो एकटा परत आला. गावाला एवढंच ठाऊक. कसं झालं, हे त्याला कुणी विचारलं नाही, कारण कुणाच्या घरात असं विचारायला घुसत नाहीत. तेव्हा मला ते फार सभ्यपणाचं वाटलं होतं. आता नाही वाटत.

आमचं एक शिकार मंडळ आहे. शरदात मूस हे मोठं हरीण मारायचं, मांस वाटून घ्यायचं, वर्षातून एकदा सभा भरवायची. ओत्सो अध्यक्ष. तो ट्रॅक्टरवाला, गावातले बर्फाचे रस्तेही तोच साफ करतो. सभेत ओत्सो ठराव वाचतो, मग विचारतो, "कुणाचा विरोध?" सगळे टेबलाकडे बघतात. ओत्सो हातोडी आपटतो, ठराव मंजूर. मंडळ स्थापन झाल्यापासून कुणी कशाला विरोध केलेला नाही. गप्प राहिलं म्हणजे होकार, हे इथे लहान मुलालाही माहीत असतं.

पूर्वी शिकारीला वॉकीटॉकी असायचे. नंतर फोनवरचं बोलण्याचं ॲप आलं. सगळ्यांनी एकाच खोलीत बसल्यासारखं एकमेकांना ऐकायचं, बोलणाऱ्याच्या फोटोभोवती हिरवं कडं उजळतं. ते सगळ्यांच्या फोनवर बसवून देण्याचं आणि बिघडलं की दुरुस्त करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी फिरत्या वाचनालयाची बस चालवते, गावोगाव फिरते, म्हणून मला सगळं येतं अशी यांची समजूत. "टेल्ली, माझा आवाज जात नाही." "अरे, तू फोनचं भोक बोटाने दाबून धरलंयस!" असं चालायचं.

शिकारीचा हंगाम संपला तरी ते ॲप राहिलं. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, बाहेर जाववत नाही. संध्याकाळी जो तो आपापल्या घरून यायचा. माझा नवरा अर्मास चाकूला मूठ बसवत असायचा, ओत्सो यंत्राचे भाग पुसत असायचा, मी विणत असायचे. फारसं कुणी बोलत नसे. शिकारीच्या जागेवर बसल्यावर उगाच तोंड उघडायचं नाही, ती शिस्त घरीही आली होती. कुणाची खुर्ची करकरली, कुणी चुलीत लाकूड सरकवलं, एवढाच आवाज. मला आधी हसू यायचं. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर आवडायला लागलं.

गेल्या शरदात इल्मोच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ होती. स्वरयंत्रच काढून टाकलं. आता तो गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो. गार वारा त्याला चालत नाही, म्हणून तो घराबाहेर पडेना. त्याचं घर सरोवराच्या पलीकडच्या काठावर, जंगलातल्या रस्त्याच्या टोकाला.

"जाऊन येऊ या का?" मी अर्मासला म्हटलं.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? भेटायला!"

"त्याला आता बोलता येत नाही, टेल्ली. आपण जाऊन बसायचं आणि त्याने नुसतं बघत राहायचं. लाज वाटेल त्याला. राहू दे शांत."

ओत्सो त्याचा रस्ता हिवाळाभर साफ करत होता, अगदी पायरीपर्यंत. इल्मो खिडकीतून हात वर करायचा, ओत्सो ट्रॅक्टरवरून हात वर करायचा आणि वळून जायचा. मी पुस्तकांची पिशवी दाराच्या कडीला अडकवून यायचे. बेल वाजवायची नाही, असं नवऱ्याने बजावलं होतं, आणि मीही इतकी वर्षं इथे राहून निम्मी हामेकर झालेली.

पण नाताळच्या सुमारास इल्मो ॲपवर यायला लागला. यादीत त्याचं नाव दिसायचं. आम्हाला बरं वाटलं. बिचाऱ्याला बोलता येत नाही, पण सोबतीला येऊन बसतो. तसाही तो कधी बोलत होता? "इल्मोही आला," अर्मास म्हणायचा आणि पुन्हा चाकू घासायला घ्यायचा.

मार्चमध्ये मला त्याचा निरोप आला. 'ॲप सारखं तुटतं. या बाजूला आलीस तर बघ.' इल्मोकडून इतका लांब मजकूर म्हणजे नवलच. पलीकडच्या शाळेचा थांबा आटोपून मी सरळ बस त्याच्या अंगणात नेली.

त्याने दार उघडलं. वाळला होता. गळ्याला विणलेला रुमाल. मी बोलतच आत शिरले, रस्ता, बर्फ, शाळेतली पोरं. आत बघते तर भिंतीवरची चित्रं उतरवलेली, कपाटं रिकामी, खोकी एकावर एक रचलेली. मला वाटलं, रंगकाम काढलं असेल.

"दे फोन," म्हटलं. मी टेबलाशी बसले. ॲप तुटण्याचं कारण लगेच सापडलं. मुलीने पाठवलेला नवा फोन, बॅटरी वाचवण्याच्या नादात मागे चालू असलेलं सगळं बंद करून टाकत होता. ती बचत ॲपपुरती काढली. नेट चांगलं होतं. माइकला परवानगी होती. झालंच होतं काम. पण मला सगळं तपासून बघायची खोड.

"आवाज पोचतो का बघते," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. ज्याला आवाजच नाही त्याला मी हे काय म्हणत होते!

इल्मोने टेबलावरचं दाढीच्या मशीनसारखं काहीतरी उचललं, रुमाल बाजूला सारून गळ्याला टेकवलं, आणि त्या खोलीत एक आवाज निघाला. डब्यात अडकलेल्या माशीसारखा, एकसुरी, गुणगुणता. पण शब्द स्पष्ट होते.

"काय बोलू?"

मी खुर्चीवरून उठले. खरंच उठले, खुर्ची मागे पडली.

"तू... तुला बोलता येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

"नाताळापासून. दवाखान्यात शिकवलं." त्याने यंत्र खाली घेतलं, श्वास घेतला, पुन्हा टेकवलं. "तुम्हाला माहीत आहे की. रोज बोलतो मी."

"कुठे?"

त्याने माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवलं.

मी माझा फोन काढला, दोन्हींवर ॲप लावलं, माझा फोन कानाला धरून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले. "बोल," म्हटलं. तो बोलत होता. ओठ हलत होते, खोलीत गुणगुण येत होती. माझ्या कानातल्या फोनमध्ये काहीच नाही. त्याच्या फोटोभोवती हिरवं कडं नाही. मी त्याचा फोन घेऊन सगळ्या सेटिंग शोधल्या, आणि खाली एका कोपऱ्यात ते सापडलं. गोंगाट गाळण्याची सोय. नव्या आवृत्तीत आपोआप सुरू झालेली. माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकी सगळं, पंखा, ट्रॅक्टर, मशीनची घरघर, काढून टाकायचं, एवढंच तिचं काम. तिने इल्मोला ऐकलं, ही मशीनची घरघर आहे असं ठरवलं आणि सबंध माणूस गाळून टाकला. मला इतका राग आला की तो फोन खिडकीतून फेकावासा वाटला.

मी ती सोय बंद केली. "आता बोल."

"आता?" हिरवं कडं उजळलं. माझ्या कानात इल्मो गुणगुणला.

आनंदाने मी त्याला मिठीच मारणार होते, तेवढ्यात पुन्हा ती खोकी दिसली. "हे काय चाललंय सगळं?"

"शुक्रवारी घर विकतोय. मुलीकडे जातोय. स्वीडनला."

"काय? आणि आम्हाला सांगणार कधी होतास?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी थट्टा करतेय की काय, हे त्याला कळत नसावं. "विचारलं होतं," तो म्हणाला. "फेब्रुवारीत. सगळे होतात. म्हटलं, मुलगी बोलावते. मला जायचं नाही. पण इथे माझी कुणाला अडचण होत असेल तर जातो. म्हटलं, जाऊ नको असं कुणाला वाटतं का?" श्वास. "कुणी काही बोललं नाही."

"इल्मो!"

"मग अर्मास म्हणाला, कुत्र्याच्या पंजात काटा गेलाय."

तो काटा मला आठवला. अर्मासने चिमट्याने काढला होता, आणि त्यावर आम्ही त्या संध्याकाळच्या मानाने बऱ्याच गप्पाही मारल्या होत्या.

"मला वाटलं, आवाज ऐकवत नसेल तुम्हाला," इल्मो म्हणाला. "किळस येत असेल. चांगली माणसं आहेत, म्हणून तोंडावर सांगत नाहीत."

"अरे वेड्या!" मी ओरडलेच. मला हसू आणि रडू एकदम आलं. "आम्ही ऐकलंच नाही रे! हे बघ, या बटणाने तुझा आवाज खाऊन टाकला. अख्ख्या हिवाळ्यात तुझा एक शब्द आमच्यापर्यंत आला नाही. एकसुद्धा नाही!"

मला वाटलं, मी त्याला फार मोठी चांगली बातमी देतेय.

इल्मोचा चेहरा मी आजवर इतका बदललेला पाहिला नव्हता. तो हळूच बाकावर बसला. यंत्र गळ्याला लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"लेम्पीचंही नाही?"

"लेम्पीचं काय?"

"नाताळ झाल्यावर. मेणबत्त्या लावल्या होत्या म्हणालीस तू. त्या दिवशी मी लेम्पीचं सांगितलं. बर्फावरचं. सगळं. कधीच कुणाला सांगितलं नव्हतं." तो थांबला. "तुम्ही मधे कुणी बोलला नाहीत. कुणी कसली समजूत घातली नाही. मला इतकं बरं वाटलं, टेल्ली. वाटलं, माझी माणसं. ऐकून घेतलं."

ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. फार शांत होती. मी मोज्याची टाच वळवली होती. ॲप बंद करताना अर्मास म्हणाला होता, "छान गेली संध्याकाळ." आणि पलीकडे हा माणूस गळ्याला यंत्र लावून आयुष्यातली सगळ्यात जड गोष्ट हवेला सांगत होता.

मला खोटं बोलता आलं असतं. तेवढं मात्र पोचलं होतं, असं म्हणता आलं असतं. पण मी आधीच सांगून बसले होते, एकसुद्धा नाही, आणि तेही ओरडून. माझ्या जिभेला हाड नाही हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी मला तिची भीती वाटली. त्याने बाळगलेली एक वाईट समजूत मी दूर केली होती आणि तिच्याबरोबर हिवाळाभर त्याला जगवणारी एकच चांगली समजूतही नेली होती.

काय करावं सुचेना, म्हणून मी मला येतं ते केलं. अर्मासला आणि ओत्सोला फोन लावून म्हटलं, असाल तिथे थांबा आणि ॲपवर या, आत्ताच्या आत्ता. अर्मास आला. ओत्सोच्या मागे ट्रॅक्टर धडधडत होता, म्हणजे त्याची ती सोय बंद होती. ट्रॅक्टर ऐकू येत होता, बघा!

मी फोन इल्मोपुढे ठेवला.

"ओत्सो," इल्मो म्हणाला.

"हे कोण बोलतंय?"

"इल्मो."

मग ओत्सो म्हणाला, "थांब, इंजिन बंद करतो."

मी झालेला सगळा प्रकार सांगितला. बटण, नाताळ, फेब्रुवारी, काटा. मधेच अर्मासचा श्वास जोरात ऐकू आला. "देवा," तो म्हणाला. "देवा, मी कुत्र्याचं सांगत होतो."

"शुक्रवारी सही आहे," इल्मो म्हणाला. त्याने मान ताठ केली, सभेत बसतात तशी. "कुणाचा विरोध?"

"आहे," ओत्सो म्हणाला. "अध्यक्षाला मत नसतं, ते गेलं खड्ड्यात. माझा विरोध आहे."

"माझाही," अर्मास म्हणाला.

"आणि माझा तर असा आहे ना," मी सुरू केलं, पण इल्मोने हात वर केला.

"लेम्पीचं परत सांगायला हवं," तो म्हणाला. "पण यातून नाही. या इकडे."

ओत्सो ट्रॅक्टर घेऊनच आला. उजेड होता अजून. ज्या पायरीपर्यंत तो हिवाळाभर रस्ता साफ करत होता, तिथे तो जरा घुटमळला, मग त्याने वाकून बूट काढले. अर्मास घरातला वेलदोड्याचा पाव तसाच पिशवीत कोंबून आला होता, कापलेलासुद्धा नव्हता. खोक्यांतून कप शोधून मी कॉफी ओतली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

इल्मोने यंत्र गळ्याला टेकवलं.

"जाळं उचलायचं होतं," तो म्हणाला. "ती पुढे चालत होती. बोलत होती. धाकट्या बहिणीच्या लग्नाचं काहीतरी. पुढे बर्फ काळा होता. खाली प्रवाह असला की होतो तसा. मला दिसत होता."

श्वास.

"मला वाटलं, तिलाही दिसतोय. म्हणून मी बोललो नाही."

त्याने यंत्र खाली घेतलं. खोलीत कुणी हललं नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं. अर्मास टेबलाच्या कडेकडे बघत होता. मला भीती वाटली की आता हे पुन्हा तसंच होणार, आम्ही आमच्या चांगुलपणाने गप्प बसणार आणि हा माणूस शुक्रवारी निघून जाणार.

ओत्सो उठला. टेबलाला वळसा घालून तो इल्मोच्या बाकावर, अगदी त्याला खेटून बसला. इतक्या जवळ बसलेला मी त्याला कुणाच्याच बाजूला पाहिलेला नाही.

"ऐकलं," तो म्हणाला.

इल्मोने मान हलवली. त्याचे डोळे वाहत होते आणि तो पुसत नव्हता.

"आणखी काय काय बोललास हिवाळाभर?" ओत्सो म्हणाला. "सांग सगळं. पहिल्यापासून."

इल्मोने यंत्रावरचा लुकलुकणारा लाल दिवा त्याला दाखवला आणि तुटक गुणगुणला, "बॅटरी. संपतेय."

"मग लाव चार्जिंगला," ओत्सो म्हणाला. "थांबतो."

यंत्र भरेपर्यंत आम्ही चौघं तिथेच बसलो होतो. शुक्रवारी इल्मो सही करायला गेला नाही.